धुळ्याहून येणारे नाना

आबांना पक्षाघाताचा झटका आला तेव्हा नव्या तुरीची आवक नुकतीच सुरू झाली होती. जळगावच्या औद्योगिक वसाहतीत आमची डाळ मिल होती. आबा म्हणजे माझे वडील, धरणगावकडच्या एका खेड्यातल्या शेतकरी घरातले. भावांबरोबरची शेती सोडून ते तरुणपणी जळगावला आले, एका आडत्याकडे उमेदवारी केली आणि हळूहळू स्वतःची मिल उभी केली. आम्ही तिघी बहिणी. मधली शिरपूरला दिलेली, धाकटी नाशिकला. मी थोरली, आणि माझं लग्न राहून गेलं होतं. अमळनेरच्या कॉलेजात शिकून मी जळगावातच एका ज्युनिअर कॉलेजला अकाउंट्स शिकवत होते. ऐंशीच्या दशकातली ती अखेरची वर्षं.

आबा दवाखान्यातून घरी आले ते उजवा हात आणि वाचा गमावून. काका गावाहून आले, आबांजवळ बसले, आणि जाताना मिल विकून टाकावी असं आईला सुचवून गेले. आई नुसती माझ्याकडे बघत राहिली. मी कॉलेजातून महिन्याची रजा काढली. ती रजा पुढे संपलीच नाही.

डॉक्टर म्हणाले होते की आबांना बोललेलं बरंचसं कळेल, पण स्वतःचे शब्द सापडणार नाहीत. त्यांच्याजवळ दोनच शब्द उरले होते, एक ‘हां’ आणि दुसरा ‘बठ्ठं’. आमच्या खानदेशी बोलीत बठ्ठं म्हणजे सगळं. भूक लागली तरी बठ्ठं, राग आला तरी बठ्ठं. घरात आम्ही चेहऱ्यावरून अर्थ लावायचो. काठी घेऊन थोडं चालता यायला लागल्यावर त्यांनी मिलमध्ये जायचा हट्ट धरला. आमचा ड्रायव्हर जुना, घरच्यासारखा माणूस. तो रोज सकाळी त्यांना जीपमधून आणायचा आणि हाताला धरून त्यांच्या खुर्चीत बसवायचा. मी त्यांच्यासमोर, भिंतीकडच्या टेबलाशी. समोर आबा दिसले की मला धीर यायचा. निदान सुरुवातीला तरी.

पण अडचण तिथेच होती. दलाल यायचे, मला नमस्कार करायचे आणि आबांकडे तोंड करून बसायचे. मी बोलत असले तरी नजर आबांच्या चेहऱ्यावर. दिवाणजी, म्हणजे मिलचा सगळा कारभार बघणारे आबांचे जुने कारकून, माझी सही घ्यायच्या आधी कागद आबांच्या डोळ्यांपुढून फिरवून आणायचे. आबांनी मान हलवली की मग माझ्यासमोर ठेवायचे.

एकदा एका दलालाने कर्नाटकातली तूर दाखवायला आणली. वरचा नमुना चांगला होता. पण मला मालात ओल वाटली म्हणून मी म्हटलं, निम्माच घेऊ, बाकीचा बघून ठरवू. तेवढ्यात आबा खुर्चीतून म्हणाले, “बठ्ठं.” दलाल हसला. दिवाणजींनी माझ्याकडे न बघता सगळा माल उतरवून घ्यायची व्यवस्था केली. आबांना पाणी हवं होतं की खिडकी उघडायला हवी होती, कोण जाणे. खालच्या पोत्यांतली तूर ओलसर निघाली, आठवड्यात तिला कुबट वास येऊ लागला, आणि भरडल्यावर डाळ कमी अन् चुरी जास्त पडली. आबांनी मुठीत तो माल घेऊन पाहिला आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. आपल्या एका शब्दाने काय झालं ते त्यांना कळलं होतं.

त्यानंतर काही दिवसांनी अमळनेरचे एक तेल गिरणीवाले आबांना भेटायला आले. आबांचे जुने स्नेही. निघताना मला बाहेर बोलावून म्हणाले की धुळ्याला एक गृहस्थ आहेत, एका कारखान्यात मॅनेजर होते, आता निवृत्त झालेत. ते माझ्याबरोबर महिन्यातून दोनदा बसतात. मला त्यांचा फार उपयोग झाला, तू त्यांना बोलाव. मी विचारलं, ते काय करतात? गिरणीवाले जरा अडखळले आणि म्हणाले, “विचारतात.”

आज याला एक्झिक्युटिव्ह कोचिंग म्हणतात. पुण्या-मुंबईच्या कंपन्यांत ते रीतसर चालतं, मोठ्या साहेबांना असा माणूस कंपनीच नेमून देते. तेव्हा आमच्याकडे त्याला नाव नव्हतं. मी त्या गृहस्थांना बोलावलं. सगळे त्यांना नाना म्हणत, आणि ते दर गुरुवारी धुळ्याहून सकाळच्या एसटीने यायचे. पांढरा बुशशर्ट, खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत पाण्याची बाटली आणि घरून आणलेला डबा. मिलमध्ये मला तोवर सगळे ‘आबांची पोर’ म्हणत. नाना पहिल्या भेटीपासून ‘ताई’ म्हणाले आणि अहोजाहो करू लागले.

पहिल्याच दिवशी मी त्यांच्यापुढे प्रश्नांची रास ओतली. नवं मशीन घ्यावं का? उडदाची डाळ सुरू करावी का? दिवाणजींना काढावं का? ते शांतपणे ऐकत होते. माझं संपल्यावर म्हणाले, “मला डाळीतलं काही कळत नाही, ताई. मी सल्ला द्यायला आलेलो नाही.” मला वाटलं, मग कशाला आलात? बहुतेक ते माझ्या चेहऱ्यावर दिसलं असावं. त्यांनी विचारलं, गेल्या महिन्यात तुम्ही एकटीने घेतलेला एक निर्णय सांगा. मी आठवत बसले. बाहेर वाळवणाच्या ओट्यावर बाया फावड्याने तूर पसरत होत्या. एकही निर्णय मला आठवला नाही.

पुढच्या खेपेला ते नुसते ऑफिसच्या कोपऱ्यात बसून राहिले. माणसं येत-जात होती, मी व्यवहार करत होते. संध्याकाळी निघताना त्यांनी पाहिलेलं सांगितलं, आणि त्यात टीका नव्हती. ते म्हणाले, तुम्ही प्रत्येक वाक्याआधी आबांकडे बघता. दलाल आबांकडे बघतात हे तुम्हाला टोचतं, पण आधी तुम्ही बघता, मग ते बघतात. मला ते ऐकून राग आला. घरी गेल्यावर आईला म्हटलं, हा माणूस नको. पण दुसऱ्या दिवशी मी स्वतःकडे लक्ष ठेवलं आणि मला माझीच लाज वाटली. ते खरं होतं.

मग खरं काम सुरू झालं. दिवाणजींना काढायचं माझ्या मनात पक्कं होतं. नानांनी विचारलं की ते आबांकडे कागद नेतात तेव्हा त्यांना कशाची भीती वाटत असेल? मी म्हटलं, भीती कसली, तो माज आहे. ते म्हणाले, असेल, पण विचारून बघितलंत का? मग एका दुपारी मी दिवाणजींना चहाला बसवलं आणि मनात ठरवून गप्प राहिले. गप्प राहणं मला फार जड जायचं, मी मास्तरीण होते. बऱ्याच वेळाने ते बोलू लागले. मिल विकली जाणार असं काकांनी त्यांना सांगितलं होतं, आणि मी तोपर्यंत वेळ काढते आहे असा त्यांचा समज होता. म्हणून ते आबांना धरून होते. मी त्यांना सांगितलं की मिल विकणार नाही. ते वाक्य मी त्याआधी कुणालाच, स्वतःलासुद्धा, सांगितलेलं नव्हतं. दिवाणजी त्यानंतर आमच्याकडे निवृत्त होईपर्यंत राहिले.

उन्हाळ्यात ओट्यावरच्या बायांनी काम थांबवलं. जळगावचं ऊन, आणि भर दुपारी तूर हलवायची. आधीची मी असते तर मुकादमाला बोलावून रागावले असते. मी ओट्यावर जाऊन त्यांच्यात बसले, त्यांनाच विचारलं की कसं करूया. पहाटे लवकर यायचं, दुपारी सुट्टी आणि उन्हं कलल्यावर पुन्हा काम, असं त्यांच्यातूनच ठरलं. नानांना हे सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले की आज तुमचा आवाज वेगळा वाटतो. कौतुक करायची त्यांची ती पद्धत होती.

वर्ष सरत आलं. दलाल आता माझ्याशी बोलू लागले होते. उडदाची डाळ मी सुरू केली, ती चालली. एकच विषय आम्ही टाळत होतो. एका गुरुवारी नानांनी तो काढला. आबांकडून तुम्हाला काय हवंय?

मी म्हटलं, काही नको, ते आजारी आहेत. पुढच्या गुरुवारी म्हटलं, त्यांनी घरी आराम करावा. त्याच्या पुढच्या गुरुवारी मी म्हटलं की मला माहीत नाही, आणि मला रडू आलं. नानांनी आपली पाण्याची बाटली पुढे केली. मग म्हणाले की तुम्ही आबांशी हे बोलायला हवं, त्यांना कळतं. पण आधी माझ्यापुढे बोलून बघा. मीच आबा आहे असं समजा.

दुपार होती. ड्रायव्हर आबांना जेवायला घरी घेऊन गेला होता. दिवाणजी बँकेत. नाना आबांच्या खुर्चीत बसले नाहीत, ते मला आवडलं. त्यांनी बाजूचं स्टूल ओढलं. मी सुरुवात केली. बोलता बोलता माझा आवाज एकदम चढला. मी म्हटलं, “आबा, तुम्ही इथे बसलात की मला श्वास घेता येत नाही. मी काहीही केलं तरी ते तुमचंच असतं. तुम्ही समोर असलात की मी लहान होते.” असं बरंच काही. आजवर मनाच्या तळाशी दाबून ठेवलेलं सगळं मोठमोठ्याने बाहेर पडलं. मग मी दमले, खाली बसले, आणि उरलेलं अगदी हळू बोलले, नानांना पुढे वाकावं लागलं. मी म्हटलं की तुम्ही आला नाहीत तर मी हे कुणासाठी करू? तुम्ही बसा, फक्त एकदा माझ्याकडे बोट दाखवून लोकांना सांगा की आता ही बघते. मला तेवढंच हवंय.

मला तेवढंच हवं होतं हे मलाही त्या क्षणी पहिल्यांदा कळलं. नाना म्हणाले, हे शेवटचं आधी सांगा. उद्या सकाळी त्यांना हेच आधी सांगा. मला फार हलकं वाटत होतं. संध्याकाळी आबा नेहमीपेक्षा लवकर झोपले आहेत असं आई म्हणाली, म्हणून मी त्यांच्या खोलीत गेले नाही.

सकाळी मी तयार होऊन बाहेर आले तर आबा पलंगावर बसलेले, अंगात घरातला सदरा. आई म्हणाली, “तुना आबा आज येवाव नही.” येणार नाहीत म्हणजे थकले असतील, असं वाटून मी बोलणं पुढे ढकललं. दुसऱ्या दिवशीही तेच. त्यांची काठी ठेवलेली, चपला कोपऱ्यात, आणि ड्रायव्हरने हात पुढे केला की आबा मान हलवून नको म्हणत. मिलमध्ये समोरची खुर्ची रिकामी पडली. दलाल आले की मी एकटीच. कामं भराभर होत होती.

चार-पाच दिवसांनी जीपमधून मिलकडे जाताना ड्रायव्हर आपणहून बोलला. तेव्हापासून त्याच्या मनात होतं ते. म्हणाला, “ताई, त्या गुरुवारी आबांचा चष्मा ऑफिसात राहिला होता. आम्ही घ्यायला परत आलो होतो. तुमचा आवाज मोठा होता, आबा दारात थांबले. मग त्यांनीच मला मागे ओढलं.” मी विचारलं, किती वेळ थांबले? तो म्हणाला, थोडाच वेळ, तुम्ही ओरडत होता तोपर्यंत. मग ते वळले.

मी जीप घराकडे वळवायला सांगितली.

आबा अंगणात ऊन खात बसले होते. मी त्यांच्या पायाशी बसले आणि सगळं सांगितलं, उलट क्रमाने, जसं नानांनी सांगितलं होतं तसं, शेवटचं आधी. मी त्यांना म्हटलं की तुम्ही अर्धंच ऐकलंत, उरलेलं असं होतं. त्यांनी डावा हात माझ्या डोक्यावर ठेवला आणि “हां, हां” म्हणाले. मी म्हटलं, मग उद्या चला. त्यांनी मान हलवली. नको. मी पुन्हा सांगितलं, हातवारे केले, आईलाही समजावायला लावलं. प्रत्येक वेळी तेच, “हां, हां,” आणि नको. त्यांना किती पोचलं ते मला कळेना. पोचलं होतं आणि तरी ते येत नव्हते, की पोचलंच नव्हतं? आई म्हणाली, “त्यास्ना जीव तठेच शे.” त्यांचा जीव तिकडेच आहे, हे मलाही दिसत होतं. मिलचा भोंगा आमच्या घरापर्यंत ऐकू यायचा, आणि तो वाजला की ते रस्त्याकडे बघायचे.

पुढच्या गुरुवारी मी नानांना हे सांगितलं. ते ऐकताना त्यांचा चेहरा उतरत गेला.  मग म्हणाले की दार लावून घेणं माझं काम होतं. मी म्हटलं, नाना, चूक तुमची नाही, कुणाचीच नाही, चष्मा राहिला एवढंच. पण त्यांना ते पटलं नाही. त्या दिवशी त्यांनी डबा उघडला नाही. त्यानंतर ते दोनदाच आले. मग एका गुरुवारी निरोप आला की प्रकृती बरी नाही, आणि नंतर निरोपही येईना. अमळनेरच्या स्नेह्यांकडून कळलं की नानांनी त्यांच्याकडे जाणंही थांबवलं आहे.

मी आबांसाठी दुसरी वाट शोधली. रोज संध्याकाळी मिलमधून आल्यावर त्यांच्या पलंगाशी बसून वर्तमानपत्रातले बाजारभाव वाचायचे. तूर, हरभरा, उडीद, मूग. अकोला, लातूर, गुलबर्गा. ते डोळे मिटून ऐकायचे. भाव वाढला की त्यांच्या भुवया वर जायच्या. मग मी विचारायची, आबा, घेऊ का? ते माझ्या हातावर थोपटायचे, आणि मी त्याचा अर्थ माझ्या मनाने लावायची. कधीकधी वाटतं, त्या संध्याकाळी आम्ही बापलेक जितके जवळ होतो तितके मिलमध्ये कधीच नव्हतो. पण लगेच दुसरं आठवतं, की दुपारभर ते त्या अंगणात एकटे बसून असायचे आणि भोंग्याकडे कान लावायचे.

असं दीडेक वर्ष गेलं. मग दुसरा झटका आला, आणि त्यानंतर त्यांना काही कळेनासं झालं. भाव वाचले तरी चेहरा तसाच. ते गेले तेव्हा ओट्यावरच्या बाया, हमाल, दलाल, सगळे आले. काकांनी सर्वांसमोर मला जवळ घेतलं आणि म्हणाले, आता हीच आमचा आबा. ती गोष्ट मला किती वर्षं ऐकायची होती. पण ती ज्यांच्या तोंडून हवी होती ते तिरडीवर होते.

दिवसकार्य झाल्यावर मी धुळ्याला गेले. नानांचं घर देवपुरात, एका शांत गल्लीत. ते खूप वाळले होते. त्यांच्या पत्नीने चहा दिला आणि त्या आत गेल्या. नानांना बातमी कळली होती. मी त्यांना मिलचं सांगितलं, नवं मशीन आलं ते, ओट्यावरच्या दोघींना मुकादम केलं ते. सांगता सांगता माझ्या लक्षात आलं की यातलं प्रत्येक काम त्यांच्याबरोबर बसल्यामुळे मला करता आलं होतं. ते मी त्यांना बोलूनही दाखवलं. त्यांनी हात जोडले, पण चेहऱ्यावर आनंद नव्हता.

मग मी जे विचारायला गेले होते ते विचारलं. नाना, त्यांना उरलेलं कळलं असेल का? माझी अपेक्षा होती की ते नेहमीसारखा उलटा प्रश्न विचारतील, तुम्हाला काय वाटतं असं काहीतरी, आणि मी बोलत बोलत कुठेतरी पोचेन. त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं आणि म्हणाले, “माहीत नाही, ताई. मीही रोज हेच विचारतो.”

ते मला पोचवायला एसटी स्टँडपर्यंत चालत आले. मी नको म्हणत होते, त्यांना दम लागत होता. मी त्यांना पुन्हा यायला सांगितलं. मिलमध्ये नाही तर घरी या, आईलाही बरं वाटेल. ते बघू म्हणाले. पुढच्याच पावसाळ्यात ते गेले, आणि ते मला महिन्याभराने, शिरपूरच्या बहिणीकडून कळलं. तिच्या सासरच्या कुणाची तरी त्यांच्या गल्लीत ओळख होती.

मिल मी पुढे बरीच वर्षं चालवली. आता शिरपूरच्या बहिणीचा मुलगा बघतो. त्याच्या कंपनीने, हो, आता ती कंपनी आहे, पुण्याच्या एका बाईंना त्याच्यासाठी नेमलंय. त्या कॉम्प्युटरच्या पडद्यावरून त्याच्याशी तास तासभर बोलतात. मध्यंतरी त्याने मला विचारलं, मावशी, तुमच्या वेळी असं काही होतं का? मी हो म्हटलं. तो ऐकायला बसला, पण तेवढ्यात त्याचा फोन वाजला आणि त्याला उठावं लागलं. मी त्याला परत बोलावलं नाही. आबांची वरची बाजू झिजलेली काठी अजून घरात आहे. ती कुणाला द्यावी की तशीच ठेवावी हे मला ठरवता आलेलं नाही.